ज्याला साक्षीदार नाही

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये ग्लॉकन सॉक्रेटिसाला एक गोष्ट सांगतो. लिडियाच्या राजाच्या पदरी असलेल्या एका मेंढपाळाला एक अंगठी सापडते. तिचा खडा तळहाताकडे वळवला की तो अदृश्य होतो. पुढे तो काय काय करतो ते सांगायला नकोच. ग्लॉकनचा प्रश्न एवढाच की, अशी अंगठी बोटात असताना जो माणूस नीट वागेल तो कशासाठी वागेल? नीतिशास्त्राचे अभ्यासक दोन हजार वर्षांहून अधिक काळ या प्रश्नाशी झगडत आले आहेत आणि त्यांच्या पंक्तीला बसण्याचा माझा अधिकार नाही. माझा धंदा प्रोग्रॅम लिहिण्याचा. तीसएक वर्षे तो केला, आता निवृत्त आहे. पण या धंद्यात ती अंगठी मला एका अगदी अनपेक्षित जागी भेटली आणि एकदा ती मी स्वतःही बोटात घातली. त्या दोन्ही हकिगती सांगाव्यात असे पुष्कळ दिवस मनात होते.

आधी यंत्राची हकिगत सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून माझी कळणार नाही. प्रोग्रॅम म्हणजे आज्ञांची यादी आणि यंत्र म्हणजे त्या आज्ञा वरून खाली एकेक करून पाळणारा मुकाट नोकर, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. शिकवतानाही आम्ही तसेच शिकवतो. वस्तुतः यंत्र तसे काही करीत नाही. त्याला ते परवडतच नाही. आजच्या साध्या संगणकातल्या प्रोसेसरचे सेकंदाला तीनशे कोटी ठोके पडतात. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात प्रकाशसुद्धा १० सेंटिमीटरच जातो. हाताशी असलेल्या छोट्या कॅशेतून एखादा आकडा उचलायला चारपाच ठोके पुरतात. तोच मुख्य मेमरीतून आणायचा झाला तर दोनतीनशे ठोके जातात. तेवढा वेळ प्रोसेसरने हात बांधून उभे राहायचे म्हणजे आयुष्याचा बहुतेक भाग वाया घालवायचा. फोडणीचे तेल तापेपर्यंत कोणी शहाणी बाई कढईकडे टक लावून उभी राहत नाही. तेवढ्यात ती कोथिंबीर निवडून घेते. प्रोसेसरही तेच करतो. पुढची आज्ञा मागच्या आज्ञेवर अवलंबून नसेल तर ती आधी उरकून टाकतो. आयबीएमच्या सिस्टिम ३६० मालिकेतील ९१ क्रमांकाच्या यंत्राने १९६७ सालीच ही युक्ती अपूर्णांकांच्या आकडेमोडीपुरती वापरली होती; आज ती खिशातल्या फोनमध्ये आहे. शिवाय प्रोसेसरच्या हाती यादी पडण्यापूर्वी कंपायलरने तिच्यात आपली उलथापालथ केलेली असते, ती निराळीच.

या सगळ्या उलथापालथीला एकच बंधन आहे. ज्याच्या आज्ञा आहेत त्याला फरक कळता कामा नये. उत्तर तेच यावे, जणू काही सर्व काही लिहिल्या क्रमानेच घडले. त्या ‘जणू काही’वर आमचा अवघा धंदा उभा आहे.

हे खोटे बोलणे झाले का? प्रथम कळले तेव्हा मला तसे वाटले नाही. दिवाणजीने कीर्द लिहिताना दुपारची नोंद आधी केली आणि सकाळची नंतर केली, पण संध्याकाळी शिल्लक पैशापैशाने जुळली, तर मालकाचे काय गेले? मालक एकटा आहे, तो संध्याकाळीच वही उघडतो, आणि वही उघडताना सर्व जागच्या जागी असते. या युक्तिवादात मला आजही फट दिसत नाही. फक्त त्यात एक गृहीत आहे आणि ते आपण न बोलता धरले आहे, ते म्हणजे मालक एकटा आहे.

आता दुसरा माणूस आणू. प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांना आम्ही थ्रेड म्हणतो. एक थ्रेड काम करीत असताना दुसरा त्याच्याच वहीत डोकावत असतो. समजा, दोन भाऊ आहेत, एक सांगलीला आणि दुसरा नागपूरला. वडिलार्जित जमिनीबद्दल त्यांनी असे ठरवले आहे की, जो ती विकायला काढील त्याने आधी दुसऱ्याला पत्र टाकावे, मग स्वतःच्या दारची टपालपेटी पाहावी, आणि दुसऱ्याचे पत्र आलेले नसेल तरच सौदा करावा. एके दिवशी दोघेही पत्र टाकतात, दोघेही घरी येऊन आपली पेटी उघडतात, दोघांनाही ती रिकामी दिसते, आणि जमीन दोनदा विकली जाते. दोघांनी शब्द पाळला. कोणीही खोटे बोलले नाही. पत्रे मात्र अजून पोस्टाच्या थैलीत आहेत. प्रोसेसरमध्येही अशी थैली असते. लिहिलेला आकडा मेमरीत पोचण्यापूर्वी थोडा वेळ तिच्यात पडून राहतो, आणि तेवढ्या वेळात शेजारचा प्रोसेसर जुनाच आकडा वाचून मोकळा होतो. ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे शब्द आपण सर्वांसाठी एकच असल्यासारखे वापरतो. लेस्ली लॅम्पोर्ट याने १९७८ साली एका निबंधात दाखवून दिले की, ज्या दोन घटनांच्या दरम्यान निरोप पोचू शकलेला नाही त्यांच्यात आधी कोणती हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. सापेक्षतावादाशी असलेले या विचाराचे नाते त्याला स्वतःलाही ठाऊक होते.

दुसरी तऱ्हा याहून फसवी आहे. एक थ्रेड माहिती लिहितो आणि मग ‘माहिती तयार आहे’ अशी खूण करतो. पाहणाऱ्याला खूण दिसते, पण माहिती अजून दिसत नाही. याचे उदाहरण आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. अश्वत्थामा मेला, हे द्रोणाचार्यांपर्यंत पोचले. मेला तो हत्ती, हे शंखांच्या आवाजात पोचलेच नाही. धर्मराजाच्या तोंडून वाक्य पूर्ण निघाले होते आणि त्याच्यापुरते ते खरेही होते. तरीही त्याचा रथ, जो जमिनीपासून चार बोटे वर चाले, तो खाली टेकला असे व्यासांनी सांगितले आहे. महाभारतकाराने हिशेब कोणत्या बाजूने केला ते पाहण्यासारखे आहे. वाक्य उच्चारणाऱ्याच्या बाजूने तो केलेला नाही. ज्याच्या कानी ते पडले त्याच्या बाजूने केला आहे.

जावा ही भाषा १९९५ साली आली. कोणत्याही यंत्रावर प्रोग्रॅम सारखाच वागेल असे तिचे वचन होते, आणि म्हणून एका थ्रेडचे लिहिणे दुसऱ्याला केव्हा दिसेल याचे नियमही तिच्या व्याख्येतच घालावे लागले. पहिले नियम फसले. विल्यम प्यू आणि इतरांनी नव्वदीच्या दशकाअखेर त्यातले दोष दाखवले. पुस्तकांतून शिकवली जाणारी, सर्रास वापरली जाणारी एक कुलूप वाचवण्याची युक्तीही मुळातच असुरक्षित ठरली. नवे नियम २००४ साली जावाच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आले. ते सिद्ध करणाऱ्यांमध्ये जेरेमी मॅन्सन आणि प्यू यांच्याबरोबर सरिता अडवे होत्या. त्या १९८७ साली पवईच्या आयआयटीतून पदवी घेऊन अमेरिकेत गेल्या होत्या. मार्क हिल यांच्याबरोबर १९९० साली त्यांनी मांडलेली कल्पना या नियमांच्या मुळाशी आहे, आणि मला ती तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात शोभेल अशी वाटते. तिचा आशय एका कराराचा आहे. कोणत्या गोष्टी सामाईक आहेत हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्पष्ट जाहीर करावे. त्याने ते प्रामाणिकपणे केले, तर सर्व काही एकाच ठरल्या क्रमाने घडले असे भासवण्याची हमी यंत्र देते. ‘भासवण्याची’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. यंत्राने उलथापालथ बंद करावी असे कोणी म्हणत नाही. साक्षीदार कोठे उभा आहे एवढे माणसाने त्याला सांगायचे आहे.

ग्लॉकन यावर हसला असता. पाहणारा असेल तेथे सरळ वागा आणि नसेल तेथे हवे ते करा, हीच काय तुमची नीती? यंत्रापुरते मी होय म्हणेन. यंत्राला दुसरा कोणी आहे हे खरोखरच ठाऊक नसते. सांगितल्यावाचून त्याला ते कळण्याचा मार्गही नाही. माणसाचे तसे आहे का, हे सांगण्यासाठी मला आता माझ्या हकिगतीकडे यावे लागेल.

२००६ साली मी पुण्यात एका कंपनीत होतो. एका सहकारी बँकेसाठी आम्ही जावामध्ये प्रोग्रॅम लिहीत होतो. रात्री दिवसाचा हिशेब बंद करायचा, शाखाशाखांच्या बेरजा मिळवायच्या, आणि सकाळी काउंटर उघडायच्या आत सर्व तयार ठेवायचे. एक थ्रेड बेरजा करी. काम संपले की तो एक खूण करी. दुसरा थ्रेड त्या खुणेची वाट पाहत गोल गोल फिरत राही. वाट पाहण्याची ही तऱ्हा मुळातच अडाणीपणाची, पण ती माझी होती. आमच्या टेबलावरच्या यंत्रावर सर्व सुरळीत चाले. बँकेच्या मोठ्या यंत्रावर मात्र आठपंधरा दिवसांतून एखाद्या रात्री तो दुसरा थ्रेड फिरतच राही. खूण केव्हाच झालेली असे आणि याला ती दिसत नसे.

काय चालले आहे ते पाहावे म्हणून मी त्या फेरीत एक ओळ घातली. काही लाख फेऱ्या झाल्या की ‘अजून वाट पाहत आहे’ असे तिने छापायचे. आणि काय आश्चर्य, दोष नाहीसा झाला. पंधरा दिवस गेले, महिना गेला, एकही रात्र अडकली नाही. दिवाळी आठ दिवसांवर आली होती, बँकेचे अधिकारी खूष होते. मी ती ओळ तशीच ठेवली.

त्यामागचे कारण मला तीन महिन्यांनी कळले. ब्रायन गोट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांचे जावातल्या समांतर कामांवरचे पुस्तक त्याच वर्षी निघाले होते. त्यात जवळजवळ माझीच फेरी छापलेली होती. जावाचे यंत्र प्रोग्रॅम प्रथम ओळीओळीने वाचून चालवते. एखादी फेरी हजारो वेळा फिरली की ते ती नीट कंपाइल करायला घेते, आणि तसे करताना विचार करते: ही खूण या थ्रेडमध्ये कोणीच बदलत नाही, मग दर फेरीला मेमरीत जाऊन ती पाहायची कशाला? एकदा पाहिली, नव्हती, संपले. छापण्याची ओळ मध्ये आली की त्या ओळीच्या आत काय बदलेल याची यंत्राला खात्री देता येत नाही, म्हणून ते बिचारे पुन्हा पुन्हा पाहत राहते. आमच्या टेबलावरच्या यंत्रात हलका कंपायलर होता. तो एवढा हुशार नव्हता. उपाय एका शब्दाचा होता. खुणेच्या मागे ‘व्होलाटाइल’ असे लिहायचे, म्हणजे हिच्याकडे दुसराही कोणी पाहतो आहे असे जाहीर करायचे. हे सर्व मला कळले आणि तरीही मी तो शब्द लिहिला नाही. चालू असलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही, असा आमच्यात एक संकेत असतो. शिवाय शब्द घातला असता तर तो का घातला हे सांगावे लागले असते, आणि तीन महिन्यांपूर्वी ‘दोष दुरुस्त’ असा अहवाल माझ्याच सहीने गेला होता.

२०१० साली एक नवा मुलगा आमच्याकडे आला. कामसू होता, आणि त्याला नीटनेटकेपणाचे वेड होते. त्या फेरीतली छापण्याची ओळ त्याला निरर्थक वाटली. ती निरर्थक दिसतच होती. तिच्या शेजारी मी एक अक्षरही लिहून ठेवले नव्हते. त्याने ती काढली. तीन आठवडे काही झाले नाही. मग महिन्याच्या पहिल्या तारखेच्या आदल्या रात्री हिशेब अडकला. सकाळी पेन्शन घ्यायला आलेली म्हातारी माणसे दुपारपर्यंत शाखांच्या दारात उभी होती. चौकशीत शेवटचा बदल कोणी केला ते पाहिले गेले, आणि तो त्याचा निघाला. मी त्या खोलीत होतो. ‘विचारल्याशिवाय हात का लावलास?’ असे साहेबांनी त्याला विचारले तेव्हा तो एकदा माझ्याकडे पाहून खाली बघत राहिला. मी म्हटले, ‘होते असे कधी कधी; मी दुरुस्त करतो.’ त्या संध्याकाळी मी तो एक शब्द लिहिला. सर्वांनी माझे कौतुक केले. दोन महिन्यांनी त्या मुलाने नोकरी सोडली.

या गोष्टीचा मी पुढे फार विचार केला, आणि प्रांजळपणे सांगायचे तर बराचसा स्वतःला सोडवण्यासाठी केला. माझी पहिली सबब अशी होती की, चार वर्षांत हजाराहून अधिक रात्री काही दिसले नाही. मग दोष होता असे तरी कसे म्हणावे? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, यावरून तो तेथे नाही हे मला कळते. परंतु त्यांनी तिला एक अट घातली आहे. घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती पाहिजे. अंधारात घट दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. माझ्या हजार रात्री अंधारातल्या होत्या, आणि दिवा विझवणारी ती ओळ मीच लिहिलेली होती.

याच अंधाराची किंमत माणसांच्या जिवाने मोजली गेल्याचे उदाहरण आहे. थेरॅक-२५ हे कॅनडात तयार झालेले किरणोपचाराचे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना भयंकर मात्रा दिली आणि त्यातले काही दगावले. टेक्सासमधल्या टायलर गावी जे दोन अपघात झाले त्यांचे कारण असे होते की, यंत्राचे चुंबक जागेवर बसायला सुमारे आठ सेकंद लागत. चालवणारीने टाइप करताना झालेली चूक तेवढ्या वेळात दुरुस्त केली, तर प्रोग्रॅमच्या एका भागाला बदल कळे आणि दुसऱ्याला कळत नसे. नवशिक्या हाताला एवढे जलद जमत नाही. हात सरावला तेव्हा दोष दिसू लागला. कंपनीच्या तंत्रज्ञांनी प्रयत्न करूनही त्यांना काही आढळले नव्हते. रुग्णालयातला पदार्थवैज्ञानिक आणि ती यंत्र चालवणारी बाई यांनी मिळून तो दोष पुन्हा घडवून दाखवला. पुढे असेही आढळले की, आधीच्या थेरॅक-२० मध्ये तोच दोष होता. तेथे प्रोग्रॅमपासून स्वतंत्र असा अटकाव बसवलेला होता, म्हणून फ्यूज उडे आणि माणूस वाचे. नव्या यंत्रात तो अटकाव अनावश्यक म्हणून गाळला गेला. मी हे वाचले तेव्हा माझी ओळ आठवली. तेथला अटकाव निदान कोणीतरी जाणून बसवला होता.

दुसरी सबब अशी की, अखेर मी चूक दुरुस्त केली. म्हणजे झाले ते न झाल्यासारखे झाले. ही सबब यंत्रेही बरीच वर्षे देत आली होती. एखाद्या अटीचे उत्तर यायला वेळ लागणार असेल तर प्रोसेसर थांबत नाही. अंदाज बांधून पुढे जातो. अंदाज चुकला तर केलेले सर्व काम टाकून देतो आणि मूळ जागी येतो. काही घडलेच नाही, असे आम्हांला शिकवले गेले. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर आणि मेल्टडाउन या नावांनी जे जाहीर झाले त्याने हे शिकवणे खोटे ठरवले. टाकून दिलेल्या कामात जे वाचले गेले ते कॅशेत येऊन बसलेले असते. नंतर कोणी मोजून पाहिले की अमुक आकडा लवकर हाती येतो आणि तमुक उशिरा, तर आत काय वाचले गेले होते, गुप्त शब्दसुद्धा, ते ओळखता येते. भांडी घासून फळीवर लावली, पण शेगडी अजून ऊन आहे. बहुतेक सर्व मोठ्या उत्पादकांच्या प्रोसेसरांत हे वर्षानुवर्षे होते, आणि ते बांधणारी माणसे अप्रामाणिक नव्हती. शेगडीला हात लावून पाहणारा कोणी असेल हे त्यांनी धरलेच नव्हते.

माझे तसे म्हणता येत नाही. प्रोग्रॅम एकदा लिहिला जातो आणि वर्षानुवर्षे दुसरी माणसे तो वाचतात, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. यंत्रातल्या थ्रेडला आपण एकटे आहोत असे मानण्याची मुभा आहे; माणसाला ती कोणी दिलेली नाही. ती ओळ मी लिहिली त्याच क्षणी तो मुलगा, जो तेव्हा कोठेतरी कॉलेजात असेल, माझ्या वहीत डोकावू लागला होता. त्याला खूण दिसणार होती आणि अर्थ दिसणार नव्हता. ‘हे काढू नका, हे माझ्या अज्ञानावर घातलेले झाकण आहे’ एवढे एक वाक्य शेजारी लिहिले असते, तर दोष तेवढाच राहिला असता. पण त्या खोलीत त्याला खाली बघावे लागले नसते.

२०१९ साली, निवृत्त झाल्यावर, मी त्याचा नंबर मिळवला. तो आता बंगळूरला असतो. मी सर्व सांगितले, अगदी त्या पुस्तकासकट. तो ऐकत होता. मग म्हणाला, ‘सर, मला तेव्हाच माहीत होतं. मी सबव्हर्जनमध्ये बघितलं होतं ना.’ प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ कोणी, केव्हा लिहिली याची नोंद तेथे असते. ती पाहण्याच्या आज्ञेचे नावच ‘ब्लेम’ असे आहे. ओळीपुढे माझे नाव होते, २००६ ची तारीख होती, आणि ‘दोष दुरुस्त’ हे माझेच शब्द होते.

‘मग तू बोलला का नाहीस?’ मी विचारले.

‘तुम्ही समोर बसला होता,’ तो म्हणाला. ‘मला वाटलं, तुम्ही सांगाल.’

थोडा वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही. मग त्याने माझ्या तब्येतीची चौकशी केली. मुलगी आता तिसरीत आहे, तिला मराठी वाचता येत नाही, घरी कोणते पुस्तक आणावे, असे त्याने विचारले. मी दोनतीन नावे सांगितली, ती त्याने लिहून घेतली, आणि आम्ही फोन ठेवला.